यात्रेचा बॅनर, दुकानाची पाटी: मांडणी कशी बसवायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही चौकात यात्रेच्या दिवसांत मान वर करून पाहा. रंग झकास असतात, फोटो स्वच्छ असतात, छपाईही बरी असते. तरी कुस्ती मैदान कोणत्या तारखेला आहे हे कळायला गाडी बाजूला घ्यावी लागते. छापणाऱ्याने काम नीट केलेले असते. आधी काय दिसायला हवे आणि कोणी मागे सरायचे, हे मात्र कोणी ठरवलेलेच नसते. समतोल, प्रमाण, लय, विरोध, एकसंधता हे शब्द चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने पाठ केलेले असतात. ते प्रत्यक्ष कामात कसे वापरायचे, ते आपल्याकडच्या दोन नेहमीच्या कामांवरून पाहू: १० बाय ८ फुटांचा कुस्ती मैदानाचा बॅनर आणि १२ बाय ३ फुटांची दुकानाची दुभाषी पाटी. चित्र आणि व्हिजिटिंग कार्ड यांच्याबद्दल शेवटी थोडेसे.

संगणक लावण्याआधी

ग्राहकाने दिलेला सगळा मजकूर कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढा. देवीचे नाव, यात्रेचे निमित्त, 'भव्य कुस्ती मैदान', तारीख, वार, वेळ, ठिकाण, पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे दोन पैलवान, पाहुणे, पंच कमिटी, छत्तीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यांची नावे. आता प्रत्येकासमोर १, २ किंवा ३ लिहा. १ म्हणजे गाडीवरून जाणाऱ्याला दिसायला हवे. २ म्हणजे जो थांबला किंवा चालत आला त्याने वाचावे. ३ म्हणजे बॅनरखाली उभे राहून आपले नाव शोधणाऱ्यासाठी. १ हा आकडा दोनच गोष्टींना द्यायचा, फार तर तीन गोष्टींना. सगळ्यांनाच १ मिळाला तर तो कोणालाच मिळाला नाही असे समजा.

या क्रमाला गणिताचा आधार आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. बॅनर १०० फुटांवरून, म्हणजे ३० मीटरवरून वाचता येत असेल, तर वाचायला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात सात-आठ शब्द वाचून होतात. 'कुस्ती मैदान', तारीख, गावाचे नाव. बस्स.

अक्षर किती मोठे हवे, याचा पाटी रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब अजूनही चालतो: आरामात वाचायचे तर दर १० फूट अंतराला १ इंच उंची. १०० फुटांवरून दिसायचे तर १० इंच, ५० फुटांवरून ५ इंच, खाली उभे राहून वाचायचे तर १ ते २ इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार त्यात धरायचे नाहीत. ते धरले तर ओळीची पूर्ण उंची अक्षराच्या साधारण १.७ पट होते. 'कुस्ती मैदान'मध्येच बघा, खाली उकार आहे, वर वेलांटी आहे आणि दोन मात्रा आहेत. १२ इंचांचे अक्षर धरले की ओळीला २० इंच द्यावे लागतात. हा हिशेब आधी केला नाही की उकार खालच्या तारखेत घुसतो, मग घाईघाईत अख्खी ओळच बारीक केली जाते, आणि जी गोष्ट सगळ्यात मोठी हवी ती चौथ्या क्रमांकावर जाते.

१० बाय ८ चा हिशेब

बॅनर १२० इंच रुंद, ९६ इंच उंच. चारी बाजूंनी ६ इंच समास सोडा. हा समास नुसता शोभेचा नाही. कडेची दुमड, रिंगा, दोरी आणि बांबूची चौकट यांतच त्यातले दोन-तीन इंच जातात. उरलेले तीन इंच नजरेला टेकायला लागतात. कामाची जागा उरली १०८ बाय ८४ इंच.

खालचे ३८ इंच फोटोंना द्या. छत्तीस फोटो म्हणजे बारा-बारांच्या तीन ओळी. प्रत्येक फोटो ७.५ इंच रुंद, मध्ये १.५ इंच अंतर: बारा फोटो आणि अकरा फटी मिळून १०६.५ इंच, १०८ मध्ये बसतात. फोटोची उंची ८.५ इंच, खाली नावाची पट्टी ३.५ इंच, त्यात नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या, १ इंच अक्षरात. दोन ओळींमध्ये १ इंच फट. झाले ३८.

वरचे ४६ इंच मुख्य मजकुराचे: देवीचे नाव आणि निमित्त ८ इंच, 'कुस्ती मैदान' २० इंच, तारीख-वेळ-ठिकाण ९ इंच, आणि या सगळ्यांमध्ये मिळून ९ इंच मोकळे. 'कुस्ती मैदान' ही ओळ १२ इंची अक्षरात साधारण सहा फूट रुंद जाते, फॉन्टप्रमाणे थोडी कमी-जास्त. म्हणजे शेजारी तीन फूट उरतात. तिथे पहिल्या कुस्तीचे दोन पैलवान.

देवीचे नाव सर्वांत वर मध्यभागी येते, पण ते सर्वांत मोठे असायची गरज नाही. आपल्याकडे वरची जागा ही मानाची जागा. मान जागेने मिळाला की आकार संदेशाला मोकळा राहतो. या दोन्हींची गल्लत झाली की वरची अडीच फूट पट्टी नुसत्या 'प्रसन्न'मध्ये जाते.

ग्राहक हमखास विचारणार: "एवढी जागा मोकळी का सोडलासा? अजून दोन फोटो बसतात की!" बसतात, हे खरेच आहे. त्यांना मोबाईलवर दोन्ही नमुने अंगठ्याच्या नखाएवढे करून दाखवा आणि कोणत्यात तारीख दिसते ते विचारा. वाद घालण्यापेक्षा हे लवकर होते.

जवळीक आणि ओळ

तारीख, वार, वेळ आणि ठिकाण हा एकच घास आहे. चार कोपऱ्यांत चार तुकडे टाकू नका. नियम सोपा ठेवा: एका गटातल्या दोन ओळींमधले अंतर जेवढे, त्याच्या निदान दुप्पट अंतर दोन गटांमध्ये, आणि समास त्याहून मोठा. हे उलटे झाले, म्हणजे गटातले अंतर मोठे आणि समास बारीक, की मजकूर फुटून कडेला चिकटल्यासारखा दिसतो.

सगळे मधोमध ओढायची सवय लग्नपत्रिकेतून आलेली आहे. दोन-तीन छोट्या ओळींना ती शोभते. पाहुण्यांची आठ नावे, पदे आणि गावे मधोमध लावली की दोन्ही कडा वेड्यावाकड्या होतात आणि नजरेला पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधावे लागते. अशा यादीची डावी कड एकाच रेघेवर आणा. ती रेघ वरच्या 'कुस्ती'च्या क च्या डाव्या कडेशी जुळली तर उत्तम. बॅनरमध्ये अशा उभ्या रेघा दोन किंवा तीन. चौथी आली की ती काढून टाका.

फोटोंच्या जाळीतही हेच. छत्तीस जणांनी छत्तीस प्रकारचे फोटो पाठवलेले असतात: कोणी पासपोर्टचा, कोणी लग्नातला, कोणी गॉगल लावून गाडीवर बसलेला. चौकटी सारख्या केल्या म्हणून जाळी सारखी होत नाही. प्रत्येकाचे डोके हनुवटीपासून केसांपर्यंत एकाच उंचीचे करा, समजा ५ इंच, आणि सर्वांचे डोळे एका आडव्या रेघेवर आणा. पार्श्वभूमी कापून एकच फिका रंग द्या. एवढे केले की छत्तीस चेहरे मिळून एक पट्टा होतात आणि वरच्या मजकुराशी भांडत नाहीत. हीच ती परीक्षेतली लय आणि एकसंधता.

समतोल

वजनाचा अंदाज येण्यासाठी एवढे लक्षात ठेवा: गडद रंग फिक्याहून जड, तांबडा-केशरी निळ्या-हिरव्याहून जड, चेहरा कशाहूनही जड, आणि मोकळ्या जागेत एकटी ठेवलेली छोटी वस्तूसुद्धा चांगलीच जड. तराजूप्रमाणेच इथेही मध्यापासून लांब गेलेली हलकी वस्तू जवळच्या जड वस्तूला तोलून धरते. म्हणून उजव्या कडेला पैलवानांचा गडद फोटो असेल तर डावीकडे तेवढाच मोठा फोटो टाकायचे कारण नाही. मोठी जाड अक्षरे आणि त्यांच्या भोवतीची मोकळी जागा पुरते.

दोन पैलवान समोरासमोर लावले की सममित मांडणी होते. जोडीची कुस्ती दाखवायला ती योग्यच, पण दोघांची डोकी सारख्या मापाची हवीत. एकाचा फोटो कमरेपर्यंत आणि दुसऱ्याचा छातीपर्यंत असला, तर बॅनर लागल्यावर कोणत्या तालमीकडून फोन येणार हे सांगायला नको.

मध्याभोवती फिरणारा समतोल पाहायचा असेल तर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती गाठा. १२०४ साली बांधलेल्या या जैन मंदिराच्या छतात दगडी कमळ कोरलेले आहे. पाकळ्यांच्या रांगा मध्यबिंदूभोवती फिरतात आणि कुठूनही पाहिले तरी नजर मध्यावर येते. मंडळाच्या गोल बोधचिन्हाला ही रचना चांगली, पण तिथे मध्यात एकच गोष्ट ठेवायची. वर्तुळावर मराठी अक्षरे फिरवताना मात्र जपा: वर्तुळ लहान असले तर दोन अक्षरांमधली शिरोरेघ तुटते आणि खालच्या अर्ध्यात अक्षरे एकमेकांत शिरतात. त्रिज्या अक्षराच्या उंचीच्या निदान सहापट ठेवा; तेवढी जागा नसेल तर नाव आडव्या पट्टीत घ्या.

तपासणीचे तीन उपाय, तिन्ही फुकट: डोळे अर्धे मिटून पाहा, चित्र उलटे करून पाहा, आणि रंग काढून करड्या छटांत पाहा. अर्ध्या मिटल्या डोळ्यांना जे तीन डाग दिसतात तीच तुमची खरी मांडणी.

नजर कुठे जाते, आणि फोटो उलटवण्याचे धोके

चेहरा ज्या बाजूला पाहतो तिकडे वाचणाऱ्याची नजर जाते. उजव्या कडेवरचा माणूस बाहेर पाहत असला तर नजर शेजारच्या बॅनरवर. म्हणून कडेचे चेहरे आत पाहणारे हवेत, आणि मग फोटो आडवा उलटवायचा मोह होतो. पैलवान उघड्या अंगाचा असला तर फारसे बिघडत नाही. पण गणपती उलटवला की डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे वेगळे, हे मंडळातल्या कोणालाही ठाऊक असते. शिवाजी महाराजांच्या चित्रात तलवारीचा हात बदलतो. नऊवारीतल्या बाईचा पदर आणि नथ दुसऱ्या बाजूला जाते. शर्टावरची अक्षरे उलटी वाचली जातात. अशा वेळी फोटो उलटवू नका, त्याची जागा बदला.

फोटो कापताना मनगट, कोपर, गुडघा, मान या सांध्यांवर कापू नये. हात तुटल्यासारखा दिसतो. सांध्याच्या मधल्या भागात, म्हणजे दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापावे.

रंग: विरोध आधी, आवड नंतर

केशरीवर तांबडी अक्षरे जवळून सुंदर दिसतात आणि पन्नास फुटांवर नाहीशी होतात, कारण दोन्हींची गडद-फिकी पातळी जवळपास सारखी असते. करड्या छटांची तपासणी इथे लगेच चूक दाखवते. तांबड्यावर निळे तर डोळ्यांपुढे थरथरते. गडद मरून किंवा गर्द निळ्यावर पिवळे-पांढरे आणि फिक्या पिवळ्यावर काळे या जोड्या निर्धास्त. एक रंग साठ टक्के, दुसरा तीस, आणि लक्ष वेधायचा तिसरा दहा टक्के, तोही फक्त पहिल्या क्रमांकाच्या मजकुराला.

अक्षर दिसत नाही म्हणून त्याला जाड काळी कड देणे हा आपल्याकडचा आवडता तोडगा. कड अक्षराच्या मागे ठेवा. ती आतल्या बाजूलाही वाढली की 'ष', 'भ', 'क्ष' यांच्या पोटातली जागा बुजते. दोन-तीन कडा, सावली आणि चमक एकत्र लावायची वेळ आली तर समजा की पार्श्वभूमी चुकली आहे.

सीमाभागात आणखी एक गोष्ट. भगवा आणि तांबड्या-पिवळ्याची (कन्नड झेंड्याची) जोडी यांना इथे रंगापलीकडचा अर्थ आहे. पार्श्वभूमीला यातले काही घ्यायचे तर आधी ग्राहकाला विचारा. पुन्हा छापण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पडद्यावरचा चकचकीत पोपटी, निळा आणि केशरी छपाईत मलूल होतो. फाइल सुरुवातीपासून छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके) ठेवा. मार्च २०१६ च्या अधिसूचनेने कर्नाटकात प्लास्टिकचे फ्लेक्स-बॅनर बंदीत येतात, म्हणून कापडावर छापायचे धरूनच मांडणी केलेली बरी. कापडावर शाई थोडी पसरते आणि रंग एक छटा उतरतो. बारीक रेघा, गडदवर कोरलेली लहान पांढरी अक्षरे आणि हळूहळू विरत जाणारे रंग टाळा. अक्षराची जाडी एक पायरी वाढवा.

दुभाषी पाटी

२०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात व्यापारी पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवे, आणि तेही वरच्या भागात. नियमाबद्दल ज्याचे त्याचे मत असेल. मांडणी करणाऱ्यापुढचा प्रश्न एवढाच की उरलेल्या जागेत मराठी नाव ठसठशीत कसे दिसेल. चांगली गोष्ट ही की ६०:४० ही असमान वाटणी रचनेच्या दृष्टीने ५०:५० पेक्षा सोपी आहे. निम्मी-निम्मी जागा दिली की दोन लिप्या एकमेकींशी भांडत बसतात आणि पाटीला नाव एकच उरत नाही.

कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) दुकानाची १२ बाय ३ फुटांची पाटी घ्या. उंची ३६ इंच. वर-खाली ३-३ इंच समास, उरले ३०. हद्दीवर खेळण्यापेक्षा थोडे जास्त धरा: कन्नडला २० इंच, खालचे १० इंच मराठी आणि इंग्रजीला मिळून, एकाच ओळीत, मराठी डावीकडे. १० इंचांच्या ओळीत मराठी अक्षर ६ इंचांचे बसते, म्हणजे ६० फुटांवरून आरामात वाचता येते. बाजारपेठेतल्या गल्लीत समोरच्या फुटपाथवरून ओळखायला एवढे भरपूर झाले.

आता खरे काम. देवनागरी शिरोरेघेला लटकते. तिच्या वरच्या बाजूला सलग आडवी रेघ असते. कन्नड अक्षरे गोल, सुटी, आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली उजवीकडे उतरतो. म्हणून कन्नड ओळीच्या खाली जास्त जागा लागते आणि नेमकी तिथेच मराठीच्या वेलांट्या वर येतात. दोन ओळींमध्ये मराठी अक्षराच्या उंचीच्या निदान तिसरा हिस्सा, म्हणजे २ इंच, मोकळे सोडा आणि मग जिथे वेलांटी व खालचे जोडाक्षर समोरासमोर येतात ती जागा बोट ठेवून तपासा. एकच टक्कर असेल तर मराठी ओळ एक-दोन इंच डावी-उजवी सरकवली की सुटते.

फॉन्टचा आकडा सारखा ठेवला म्हणून अक्षरे सारखी दिसत नाहीत. दोन्ही लिप्यांतला 'क' शेजारी ठेवून डोळ्याने जुळवा. शक्यतो एकाच फॉन्ट-कुटुंबातल्या जोड्या घ्या: 'अनेक देवनागरी' आणि 'अनेक कन्नड' ('अनेक' हे फॉन्टचेच नाव), 'बालू' आणि 'बालू तम्मा', 'नोटो सान्स देवनागरी' आणि 'नोटो सान्स कन्नड'. तिन्ही मोफत मिळतात. 'अनेक'मध्ये जाडी आणि रुंदी दोन्ही कमी-जास्त करता येतात, त्यामुळे पाट्यांसाठी ती सगळ्यांत सोयीची.

आणि जाडी. कन्नड मोठे, मराठी लहान. दोन्ही एकाच जाडीच्या फॉन्टमध्ये लावले तर मराठीच्या रेघा बारीक पडतात आणि ती ओळ तळटीपेसारखी वाटते. कन्नड मध्यम जाडीत घ्या, मराठी ठळक किंवा त्याच्याही पुढच्या जाडीत, इतके की दोन्हींच्या उभ्या रेघा फूटपट्टीने मोजल्यावर जवळजवळ सारख्या भराव्यात. आकार कमी असूनही ओळ दबत नाही, ती यामुळेच. शिवाय मराठीभोवतीची पार्श्वभूमी सपाट ठेवा. पेढ्यांचा फोटो टाकायचाच तर उजव्या टोकाला.

काही गोष्टी देवनागरीत करूच नयेत. ओळ भरावी म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. बाजूचा ठोकळा धरून अक्षर आडवे ताणू नका. उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षर सुजल्यासारखे दिसते. रुंद हवे तर रुंद फॉन्ट घ्या. शब्दाखाली रेघ ओढू नका, उकारांवरून जाते. दोन ओळींतले अंतर रोमनला १.२ पट पुरते, देवनागरीला १.४ ते १.५ पट द्या.

मजकूर व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलच्या अक्षरपद्धतीत, येतो आणि छापखान्यात असतात श्रीलिपी किंवा कन्नडसाठीचे नुडी असे जुन्या पद्धतीचे फॉन्ट. चिकटवताना वेलांट्या पळतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. जुन्या कोरेलड्रॉमध्ये युनिकोड लावायच्या फंदात पडू नका. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. 'शेतकऱ्यांचा', 'पुढाऱ्यांचे', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा ऱ आणि 'कार्य'मधला रफार वेगळा. 'शेतकर्यांचा' छापलेला बॅनर दर हंगामात कुठेतरी लागतोच. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी करा. कन्नड ओळ कन्नड वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या, आणि छपाईला देताना अक्षरांचे आकारात रूपांतर करून द्या; मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.

चित्र आणि फोटोसाठी

चित्रात मजकूर नसतो, म्हणून क्रम छटांनी लावावा लागतो. मोठा कागद घेण्याआधी २ बाय ३ इंचांची पाच-सहा छोटी चित्रे काढा, फक्त तीन छटांत: पांढरी, करडी, काळी. काळ्या कागदाच्या दोन 'एल' पट्ट्या कापून चौकट करा आणि तिच्यातून दृश्य पाहा. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग केले की ज्या चार बिंदूंवर रेघा छेदतात, त्यांतल्या एकावर मुख्य वस्तू ठेवून पाहा. बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला कागदाच्या मधोमध ठेवला तर डोंगर दोन सारखे तुकडे करतो; डावीकडच्या एक-तृतीयांश भागात नेला की उतार नजरेला उजवीकडे शेतांवर आणतो. क्षितिज मध्यावर नको: ढग महत्त्वाचे असतील तर खाली, जमीन महत्त्वाची असेल तर वर. ५२ मीटर कोसळणारा गोकाकचा धबधबा उभ्या कागदावरच खुलतो. झुलता पूल खालच्या कोपऱ्यातून तिरका घेतला तर तोच नजरेला पाण्याकडे नेतो. पूल नेमका कोपऱ्यातून काढू नका, थोडा बाजूने आत आणा, नाहीतर कागदाचा कोपरा बाणासारखा बोचतो.

सराव म्हणून बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांची किंवा त्यांच्याकडे शिकलेल्या रवी परांजपे यांची चित्रे घेऊन त्यांवरून त्याच तीन छटांचा छोटा आराखडा काढा. परांजपे यांच्या चित्रांत नक्षीची दाटी असते, तरी मुख्य आकृती हरवत नाही. का हरवत नाही, ते करड्या छटांच्या आराखड्यात दिसते. सुवर्ण प्रमाणाच्या सर्पिल आकृत्या चित्रावर ठेवून बघायचा नाद मात्र सोडा. कुठल्याही चित्रावर त्या कशातरी जुळतातच.

व्हिजिटिंग कार्ड ३.५ बाय २ इंच. बाहेर ३ मिमी जादा रंग, आत ५ मिमी सुरक्षित जागा, देवनागरी अक्षर ७-८ पॉइंटच्या खाली नको. लहान अक्षरे फक्त काळ्या शाईत. चार रंगांतला काळा जरासा सरकला की अक्षराला रंगीत सावली येते. मजकुराचे दोन गट, एक चिन्ह, संपले.

छापायला देताना

१० बाय ८ चा बॅनर पूर्ण मापात इंचाला ७२ ठिपक्यांनी ८६४० बाय ६९१२ ठिपक्यांचा होतो. याहून जड फाइल देऊन काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला चेहरा ७.५ इंचांच्या चौकटीला पुरतो, कारण तिथे ५४० ठिपके लागतात. ४० इंच उंचीच्या पैलवानाला २८८० लागतात, म्हणून त्याचा फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडर समोर ठेवून पाहा. बॅनर जमिनीलगत लागणार असेल तर खालचे दोन फूट गर्दीत आणि उभ्या गाड्यांमागे जातात, तेव्हा तो निदान चार फूट उंचीवर बांधायला सांगा.

फाइल पाठवायच्या तोंडावर सदतिसावा फोटो येणारच. 'कुस्ती मैदान' बारीक करू नका. जाळीत बाराऐवजी तेरा रकाने करा: १०८ भागिले १३ म्हणजे ८.३ इंच, त्यात फोटो ७ इंच आणि फट १.३. तीन ओळींत एकोणचाळीस जण बसतात, वरचे ४६ इंच जिथल्या तिथे राहतात. सदतीसच असतील तर शेवटच्या ओळीत दोन घरे रिकामी उरतील. ती ओळ मधोमध न आणता अकरा फोटो डावीकडून लावा आणि उजवीकडच्या दोन घरांत मंडळाचे बोधचिन्ह ठेवा. चाळिसावा आला तर चौथी ओळ काढू नका. शुभेच्छुकांचा १० बाय ३ चा वेगळा बॅनर करा, तो मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी लावा, आणि त्याचा खर्च नवीन आलेल्यांमध्ये वाटून टाका.